चिंतामणी रंगाचा बर्फ

११ जून २०२५, उटकियाग्विक

पोचलो एकदाचे! अलास्काचं पार वरचं टोक. जून महिना, आणि अंगावर दोन स्वेटर, वर शाल. समोर अख्खा समुद्र गोठलेला.

आमच्या मराठी मंडळाच्या ट्रिपला मैत्रीण प्रीताने माझं नाव परस्पर घातलं – "सरला, मुलाच्या घरी नातवंडं सांभाळण्यापलीकडे काही करशील की नाही?"

ग्रुपमध्ये तिकडच्या वाळवंटातल्या चँडलर गावचे एक गुरुनाथ आहेत. रिटायर्ड चिप इंजिनिअर, एकटेच. माकडटोपी! मी म्हटलं, "अगंबाई, बर्फ निळा!" तर मागून गुरुनाथ – "तो निळा दिसतो. बर्फ लाल प्रकाश शोषून घेतो."

कोणी विचारलं होतं?

१२ जून

वाऱ्याने रेटून आणलेले बर्फाचे ढीग किनाऱ्यावर, घराएवढाले. आकाशी, मोरपंखी, चिंतामणी! एक लादी उलटी पडलेली, तिचं पोट चहासारखं तपकिरी. गाइड म्हणाली, शेवाळ आहे ते.

"चिंतामणी म्हणजे नेमका कुठला हो?" गुरुनाथ.

मी शालीचा काठ दाखवला. त्यांनी फोटो काढला. म्हणे, काठाचा. फोटोत काठ कमी, मीच जास्त आहे. पाहिलं मी!

१३ जून

गाइड सांगत होती – समुद्राचा बर्फ जुना झाला की त्यातलं मीठ निघून जातं, तो निळा होतो. गावातले लोक त्याचा चहा करतात.

"शक्यच नाही," गुरुनाथ. तुकडा उचलून चक्क चाखला. चेहरा बघण्यासारखा! "खरंच गोडं पाणी आहे हो!"

मग त्याच बर्फाचा चहा झाला. पिताना एकदम म्हणाले, "घरी मी अजून दोन कप चहा टाकतो. सवय जात नाही."

"दुसऱ्याचं काय करता?"

"गार होतो."

मी त्यांचा कप पुन्हा भरला. मग त्यांनी विचारलं, "चँडलरला याल का? तिथे असले रंग नाहीत. सगळं खाकी."

हे गेल्यापासून मला असं कोणी कुठे बोलावलं नव्हतं. "बघते," म्हटलं. प्रीताने टेबलाखालून लाथ मारली. मेली!

१४ जून

धुकं. फ्लाइट कॅन्सल. सगळे वैतागलेत. मी गुणगुणतेय!

१५ जून

अतुलचा फोन. "आई, तुला घ्यायला किती वाजता येऊ?"

"येऊ नकोस रे. मी चँडलरला चाललेय, गुरुनाथांकडे. महिनाभर राहून बघते. जमलं, तर तुम्ही सगळे लग्नाला या."