यादीतली अकरावी वस्तू

१ मार्च
नाही, मला कोणी घरातून हाकललेलं नाही. लेकीच्या घराचं बांधकाम चाललंय, ते होईपर्यंत वर्षभर ही भाड्याची खोली, बास. त्यात तोंड पाडण्यासारखं काय आहे? उलट मजेत आहे. वरचा मजला, दोन खिडक्या, नळाला दिवसभर पाणी. खाटेवर बसलं की कोपऱ्यावरचं चपलांचं दुकान दिसतं. तीस वर्षं इस्पितळात चादरी धुतल्या, आता लोकांची ये-जा बघत बसणार.

घरमालक काडीसारखा, फार नम्र. करारासोबत खोलीतल्या सामानाची यादी घेऊन आला. मावशी, वाचून घ्या, असं तीनदा म्हणाला. मी म्हटलं, पंखा दिसतोय, खाट दिसतेय, वाचायचं काय डोंबल? ‘सगळं तपासून घेतलं’ याच्याखाली ठोकली सही. विहीणबाई असत्या तर दुपार गेली असती. लेकीच्या सासूबाई त्या, शाळेत बाई होत्या. काडेपेटीवरचा मजकूरसुद्धा चष्मा पुसून वाचतात.

४ मार्च
माळ्याच्या दाराला कडी, कडीला तार गुंडाळलेली. मग रिकाम्या बॅगा काय डोक्यावर ठेवू? हातोडीचे दोन घाव घातले, तुटली. आत नुसती चटई. मधोमध कोणी निजून उठल्यासारखी दबलेली. अंगावरून गार वारं गेलं. माळ्याला खिडकी नाही, तरी. बॅगा टाकल्या, दार ढकललं, चहा केला.

५ मार्च
खालच्या मजल्यावर वकिलाकडे टायपिंग करणारी मुलगी राहते. गुणी आहे, पण नसत्या चौकशा फार. काल तुमच्याकडून कोण आजी गेल्या, म्हणे. अनवाणी होत्या, जिन्यात एकट्याच हसत होत्या, मला विचारलं हे साल कुठलं. मी म्हटलं, माझ्याकडे चिटपाखरू आलेलं नाही, तू चष्म्याचा नंबर बदल.

२७ जानेवारी
वही ट्रंकेमागे पडली होती, आज सापडली. मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलंही नाही.

लेकीचं घर झालं. फेब्रुवारीअखेरीला करार संपतो तेव्हा जायचं. आम्हा दोघी म्हाताऱ्यांना मिळून एक खोली, दोन खाटा. विहीणबाई भिंतीच्या रंगावर महिनाभर बोलतायत. ऐकावं लागणार, पण लेक जवळ असेल.

टायपिंगवालीने खोली सोडण्याची नोटीस लिहून दिली. रंग उडाला, फरशी झिजली, तर घरमालकाला ते भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, म्हणाली. पण यादीतली वस्तू हरवली तर तशीच दुसरी भरून द्यायची, तसं करारात आहे. म्हटलं, वाच यादी. दहापर्यंत धडाधड वाचली. मग अडखळली.

अकरा: माळ्यावर, बाई, वयस्क, नग एक.

आम्ही दोघी खोखो हसलो. तिचं हसू आधी थांबलं. जिन्यातल्या त्या आजी, म्हणाली.

३ फेब्रुवारी
घरमालक आला. म्हटलं, काय रे हा चावटपणा? तो हसला नाही. माळा उघडला, माझ्या बॅगा बघितल्या. तुम्ही तपासून सही केलीत मावशी, असं म्हणाला. मयताच्या घरी बोलतात तितक्या हळू. मग टेप काढली, माळ्याची लांबी मोजली. नंतर ती टेप माझ्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरली. मी हललेसुद्धा नाही. का नाही हलले?

१० फेब्रुवारी
पिशवी उचलली आणि भर दुपारी निघाले. गेला करार खड्ड्यात. जिना उतरले, खालचं दार उघडलं — पलीकडे माझीच खोली. तीच खाट, तोच पंखा. चार वेळा उतरले. चारही वेळा —

टायपिंगवाली खिडकीखालून ओरडून सांगते, असला करार कोर्टात टिकत नाही. कोर्ट खाली आहे. मी वर आहे.

१९ फेब्रुवारी
घरमालक म्हणाला, तीच बाई पाहिजे असं कुठे आहे? वयस्क, नग एक. कोणीही चालेल. नाहीतर तुम्ही आहातच.

त्याच्या तोंडावर दार आपटलं. असलं ऐकून घ्यायला मी —

२६ फेब्रुवारी
लेकीचा फोन. तिला सुट्टी नाही. सामान आवरायला सासूबाईंना पाठवते म्हणाली. नको म्हणायला तोंड उघडलं —

बरं, म्हटलं.

२८ फेब्रुवारी
दहाला आल्या. स्वतःचा झाडू घेऊन. तुमची कंबर दुखते, तुम्ही बसा, म्हणाल्या. यादी मागितली. म्हटलं, घरमालकाकडे आहे. मग माळा बघितलात का, काही राहिलं असेल — शिडी त्यांनीच लावली. मी फक्त धरली.

आत गेल्या. घरमालक मागे उभा, हातात नवी कडी —

आतून एकदाच, अहो विहीणबाई, असं —

मग काही नाही.

त्याने अकराव्या ओळीवर खूण केली. मी जिना उतरले. दार उघडलं. रस्ता होता.

१ मार्च
लेकीचं घर. भिंती त्यांनी निवडलेल्या रंगाच्या. दोन खाटा. एकीवर त्यांच्या चष्म्याची डबी.

जावई सकाळपासून आईला शोधत फिरतोय. लेक दाराशी उभी आहे. पुन्हा तेच विचारते — आई, त्या पोचल्या होत्या ना तुझ्याकडे?

शिडी चढताना म्हणाल्या होत्या, घट्ट धरा हं, तुमच्याच भरवशावर —

नाही. मी काही सांगणार नाही. विचारू नका.