देवाच्या मुठीचा तांदूळ

मोरबी, गुजरात
जूनची नऊ तारीख

ख्रिस्तात प्रिय आणि आपल्या चर्चच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी सौ. काशम्मा आत्या यांना मोरबीहून अभिमन्यूचा येशूच्या नावात सलाम.

तुमचे गुडघे कसे हायत? मामांचा दमा कमी हाय का? शेळी व्याली का, आणि पाळकसाहेबांच्या घशाला आराम पडला का? ही सगळी विचारपूस मनापासून हाय असं समजा, कारण ह्याच्यापुढं पत्रात मनापासून फक्त राग हाय. मी 'तुमी' म्हणतोय ह्यावरनंच तुमी ओळखलं असंल. माणूस आपल्या आत्याला तुमी कवा म्हणतो? एक तर पाव्हण्यांपुढं, न्हायतर रागात. हितं पाव्हणं कुणी न्हाय.

फोन का केला न्हाय, तर तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो. मागं मला बसायच्या जागी गळू झालंय एवढं सांगितलं, तर मंडळातल्या चार बायकांनी मधीच चार पाले सुचवले, आणि रविवारी भर उपासनेत माझ्यासाठी प्रार्थना झाली, जागेचं नाव घेऊन. म्हणून पत्र. सहावीत शाळा सोडल्यापास्नं मी एवढं एकदाबी लिहिलं न्हाय. चुका असतील तर त्या तुमच्यामुळं.

आता मुळापासून सांगतो. पद्धत तुमीच सुरू केलेली हाय तरी तुमालाच सांगतो, कारण हितं मेसच्या शेठला सांगून सांगून मला ती पाठ झालीय. मंडळातली प्रत्येक बाई रोज चूल पेटवायच्या आधी एक मूठ ज्वारी देवाच्या गाडग्यात टाकती. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळी गाडगी चर्चमधी येत्यात, वेदीपुढं चादर अंथरून तिच्यावर ओतली जात्यात, पाळकसाहेब हात पसरून प्रार्थना करत्यात आणि मग ते दाणे ज्यांचं कुणी न्हाय अशा म्हाताऱ्यांच्या घरी जात्यात. एवढी सोपी गोष्ट. हिच्यात भांडायला जागाच न्हाय. पण तुमी जागा काढलीत.

तुमी काय करता, तर प्रत्येक गाडगं ओतायच्या आधी कानाजवळ धरून हलवता. का? देव काय बाजारात नारळ घेतोय? मार्चच्या रविवारी तुमी आईचं गाडगं हलवलंत आणि सगळ्यांदेखत म्हणलात, "दगडाबाई, ल्योक गुजरातला कमावतोय आणि गाडगं अजून खुळखुळतंय की!" बायका हसल्या. आईबी हसली म्हणं. हे मला पिंकीनं सांगितलं, आईनं न्हाय (पिंकी तुमचीच पोरगी हाय, तिला मारू नका). आईच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली तवा तुमीच तिला मंगळवेढ्याला दवाखान्यात घेऊन गेलावता. तीन बोटांची मूठ भरून भरून केवढी भरणार? मग मंडळानं ह्याच्यावर बैठक घेतली, हेबी कळलं मला. निंगव्वा म्हणली, डाव्या हातानं काढ. दुसरी म्हणली, डाव्या हातानं देवाला देत न्हायत. तिसरी म्हणली, पवित्र शास्त्रात असं कुटं लिवलंय ते दाखव. अर्धा तास शास्त्र शोधलं, चहा झाला, आणि ठरलं काय, तर आईनं दोन येळा मूठ काढावी. एकट्या बाईच्या दोन भाकरींमागं दोन मुठी! बैठकीला चहाची साखर कुणाच्या घरनं आली ते विचारत न्हाय.

आईनं फोनवर ह्यातलं काही सांगितलं न्हाय. एवढंच विचारलं, "तिकडं तू काढतोस का रे मूठ?" मी म्हणलं, व्हय. काढत नव्हतो. पण एकदा आईला व्हय म्हणल्यावर काढायलाच लागती की.

तुमी सगळीकडं सांगता की आमचं अभिमन्यू कुटं टिकत न्हाय. अकलूजला डेअरीत आठ महिने, नातेपुत्याला अडतीवर एक पावसाळा, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात फक्त दिवाळीपर्यंत (तितं मुकादमानं मला बैल म्हणलं, मी त्याला उलट जे म्हणलं ते पत्रात बसत न्हाय). कबूल हाय. पण मोरबीत मला दीड वरीस झालं. हितं टाइलचा कारखाना हाय, त्याच्या मेसमधी रोज दोनशेवीस माणसं जेवत्यात, ओडिशाची, बिहारची, आणखी कुठकुठली. स्वयंपाक करणारा महाराज वेगळा. (गुजरातेत आचाऱ्याला महाराज म्हणत्यात, आणि ह्याला ते खरंच वाटतं.) मी तांदूळ निवडतो, धुतो आणि चुलीवर चढवतो. म्हणजे चूल पेटवायच्या आधी दाण्यांत हात माझाच असतो. मग मूठ कुणी काढायची? मीच.

पहिल्या दिवशी एक मूठ काढली आणि माझी मलाच लाज वाटली. त्या पातेल्यात माणूस बसून आंघोळ करील, आणि त्याच्यापुढं एक मूठ म्हणजे देवाची चेष्टा. मग मी विचार केला. आई एकटीसाठी रांधती आणि मूठ काढती. तर दोनशेवीस माणसांमागं किती? माणशी एक तर जास्त व्हतंय, महाराज बोंबलंल. दहा माणसांमागं एक धरली. दुपारी बावीस, संध्याकाळी बावीस. एका महिन्यात माझ्या खाटेखाली पोतं भरलं. चोरून न्हाय बरं का! पोत्यावर खडूनं ठळक क्रूस काढला होता. चोर कधी पोत्यावर क्रूस काढतो का? हा प्रश्न मी शेठलाबी विचारला.

आणि खरं सांगायचं तर (चिडलेला माणूस खरं बोलतो) ते पोतं मी काही नुसतं देवासाठी भरत नव्हतो. हितनं टाइलचा ट्रक सोलापूरला जातो, त्याच्या डायवरला सांगून जूनच्या पहिल्या रविवारी पोतं चर्चच्या दारात उतरवायचं ठरलं होतं. दगडाबाईच्या पोराची मूठ! मग ते तुला कानाजवळ धरून हलवता येतंय का, ते मला बघायचं होतं. मी तितं नसणार, पण पिंकीला व्हिडिओ काढायला सांगितलं होतं. बघ, 'तू' आलंच तोंडात. राहू दे आता, खोडाखोड करत न्हाय.

पण देवाला माझी चलाखी पसंत पडली नसावी, त्यानं पोत्यात सोंडकिडे सोडले. माझ्या शेजारच्या खाटेवर एक ओडियावाला झोपतो, भट्टीवर काम करतो. सकाळी पाळी संपवून तो आडवा झाला आणि दहाव्या मिनिटाला बनियन काढून नाचायला लागला. बनियनीत किडे, कानात किडे, एक तर नाकात शिरायला निघालेला. किडे कुठनं येत्यात बघायला दहा माणसं वाकली आणि पोतं सापडलं. महाराज पळत आला. त्यानं असा गळा काढला की जणू त्याच्या बापाचा तांदूळ. हा महाराज दर आठवड्याला तेलाचा डबा स्कूटरवर पायांत ठेवून घरी घेऊन जातो, सगळ्यांना ठाऊक हाय. आणि रोज सकाळी पहिली पोळी गाईला घालतो. पीठ कुणाचं? शेठचं. गाय कुणाची? महाराजाच्या मेव्हण्याची! तिचं दूध परत मेसलाच विकतो. ते पुण्य, आणि माझी मूठ चोरी.

हे सगळं मी शेठपुढं बोललो, तिथंच घाण झाली. शेठ वाईट माणूस न्हाय, सकाळी दुकान उघडल्यासारखं देवाला हात जोडून मगच गल्ल्यावर बसतो. त्यानं शांतपणे विचारलं, "चावल किसका है?" मी म्हणलं, "भगवान का." तो म्हणला, "तो बिल मेरे नाम पे क्यों आता है?" आत्या, ह्याचं उत्तर मला तवा सुचलं न्हाय आणि अजून सुचलेलं न्हाय. तू मंडळात एवढं बोलतेस, तुलाबी सुचणार न्हाय. सगळे हसले. ओडियावालाबी हसला, त्याच्या कानात अजून एक किडा होता तरी.

पोतं चाळलं, धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी शिजवलं. महिनाभर काढलेल्या देवाच्या मुठी दोनशेवीस माणसांनी एका दिवसात खाऊन ढेकर दिली. प्रार्थना न्हाय, आमेन न्हाय. वर एकजण म्हणला, आज भात जरा बरा लागतोय. मला मोरीवर टाकलंय. पातेली घासतो. सगळे मला 'भगवान' म्हणून हाक मारत्यात. "भगवान, पानी ला." "भगवान, वो टोप ठीक से घिस." त्याचं काही वाटत न्हाय. पण मी कोठीवरनं नुसता गेलो तरी महाराज कुलूप ओढून बघतो, तवा डोक्यात जातं. टॉवेलच्या कारखान्यात असतो तर त्याच दिवशी पिशवी उचलली असती. हितनं मी पळणार न्हाय. चोर म्हणून गेलो तर आईच्या गाडग्याकडं कुणी कशा नजरेनं बघंल? ह्याआधी जिथनं निघालो तिथनं माझ्या पायांनी निघालो, चोर म्हणून कुणी काढलं न्हाय.

मूठ बंद केली असं समजू नको. आता दाण्यांत हात न्हाय, म्हणून माझं ताट वाढून आलं की त्यातला एक मूठ भात बाजूला काढतो. भात काही पोत्यात साठत न्हाय. आणि हितं भुकेलेलं जवळचं कोण, तर तोच ओडियावाला. भट्टीवरनं येतो तवा त्याला भिंतबी खाविशी वाटती. ज्यानं मला धरून दिलं त्यालाच देवाची मूठ! रोज देतो आणि रोज राग येतो. तो तर त्याला देवाची मूठबीठ समजत न्हाय, माझं पोट बिघडलंय असं समजतो. हे मंडळात वाचून दाखवू नको.

तर झालं हे असं. झालं ते तुझ्या हलवण्यामुळं झालं, हे कळवण्यासाठी एवढं लिहिलं. मला तुझ्याकडनं काही नको. मामांना सलाम, पिंकीला आशीर्वाद, आईला यातलं अक्षर सांगू नको.

तुमचा (परत तुमचा) भाचा,
अभिमन्यू

ता. क. काही नको असं वर लिहिलंय, त्यात एक सुटलं. मंडळाच्या नावाच्या कागदावर, शिक्का मारून, एक चिठ्ठी पाहिजे की आमच्या चर्चमधी अशी मुठीची पद्धत हाय आणि हे पोरगं आमचं हाय. शेठ म्हणलाय, वीस तारखेपर्यंत कागद आला तर ठेवतो, न्हायतर काढतो आणि गेटवरच्या फळ्यावर फोटो लावतो. त्या फळ्यावर चोरांचे फोटो असत्यात. एकदा तितं तोंड लागलं की हितल्या कुठल्याच मेसमधी कुणी दारात उभं करत न्हाय. मी आधी पाळकसाहेबांना फोन केला होता. ते म्हणले, मूठ मंडळाची, शिक्का मंडळाचा, काशम्माबाईंना विचार. तुला विचारायचं नव्हतं म्हणून नऊ दिवस फुकट घालवले. स्पीडपोस्टानं पाठव.

ता. क. दुसरा. चिठ्ठीत एक ओळ घालू नको. मूठ आपल्या घरच्या दाण्यांतलीच काढायची, दुसऱ्याच्या न्हाय, ही. मी लहानपणी गाडगं भरायला निंगव्वाच्या रानातली कणसं खुडून आणली तवा तू मला हे सांगितलं होतंस, आणि सांगून झाल्यावर कानाखालीबी दिली होतीस. म्हणजे मला ठाऊक होतं. पण शेठला हे कळायची गरज न्हाय.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, परत फोडलं. वरचा दुसरा ता. क. रद्द समज. देवाच्या घरचा शिक्का हाय, त्याच्या वर अर्धं लपवलेलं काही नको, न्हायतर महाराज म्हणतो तेच खरं व्हईल. ती ओळबी घाल. त्याला हे ठाऊक होतं, तरी त्यानं केलं, असंबी घाल. आणि मग खाली लिही की हे पोरगं येडं हाय, पण चोर न्हाय. त्यातलं पहिलं तू आजवर गावभर फुकट सांगत आलीयास. दुसरं एकदा शिक्का मारून सांग.