विसावी मॅच

११ जानेवारी १९५८
पोस्टमन पत्र घेऊन थेट शाळेतच आला. तिसरीच्या मुलींचे पाढे चालू होते. पाकिटावर ह्यांचं नाव : श्री. गणपत मारबते, फुटबॉल खेळाडू. गुडघा गेल्यापासून चार वर्षांत असं लिहिलेलं पाकीट घरात आलं नव्हतं.
फुटबॉल संघटनेचे लोक देशाकडून वीस किंवा त्याहून जास्त मॅच खेळलेल्यांचा सन्मान करणार आहेत. २ मार्च, नागपूर, मोठ्या मैदानावर. पदक देणार. ह्यांच्या नावापुढे आकडा वीस. बरोब्बर वीस.
शाळा सुटल्यावर तशीच तलावावर गेले. हे कमरेपर्यंत पाण्यात, जाळं ओढत होते. काठच्या पाळीवर उभी राहून पत्र मोठ्यानं वाचलं.
"आकडा परत वाच."
वाचला.
"बरं," म्हणाले, आणि जाळ्यातला गाळ झटकायला लागले.

१३ जानेवारी
वकीलसाहेब आले होते. हायस्कूलच्या कमिटीत आहेत. दारातच सासूबाईंच्या पाया पडले. त्या घाबरल्या, काही वाईट बातमी आहे असं वाटलं त्यांना. ह्यांना म्हणाले, "गणपतराव, हायस्कूलले खेळाचा मास्तर पायजे. शिक्षण कमी म्हणून आतापर्यंत लोक अडून राह्यले होते. नागपूरचं पदक घेऊन या, मंग कोण नाई म्हणते तेच पाहतो."
हे खाली बघत बसले. चहा मीच दिला, बोलणंही मीच केलं.
डॉक्टरनं दिवाळीतच सांगितलंय, थंड पाण्यात उभं राहणं बंद करा, नाहीतर पाय वाकायचाच थांबेल. दुसरं काम मिळालं असतं तर बंद केलंच असतं ना.

१७ जा.
चौथीच्या वर्गालाही मीच. पाटणकर बाई रजेवर. घसा बसला आहे.
बाजारात तिघांनी थांबवून विचारलं, "मास्तरीणबाई, खरं का?" ज्यांनी ह्यांना लंगडताना पाहून तोंड फिरवलं होतं, तेच.
हे नीट जेवत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "पोराले नजर लागली वाटते." मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या.

१९ जा., रविवार
तलावाच्या पाळीवर बसलो होतो. मी टोपलीतले मासे निवडत होते. हे एकदम म्हणाले,
"एकोणीसच हायेत."
मला वाटलं माशांबद्दल बोलतात.
"मॅच. एकोणीसच खेळलो मी. विसावी माही नाई."
मग हळूहळू सांगितलं. पहिल्यांदा परदेशी गेले तेव्हाची गोष्ट. रंगूनला. शेवटच्या मॅचच्या दिवशी ह्यांना हिवताप, अंथरुणातून उठवेना. खेळाडूंची नावं आधीच लिहून दिलेली. सिरोंच्याचा राजन्ना जादा म्हणून सोबत गेला होता, पण त्याचं नाव यादीत नव्हतं. दोघं नागपूरपासूनचे सोबती. मॅनेजरनं राजन्नाला सांगितलं, गणपत म्हणून उतर. तो उतरला. जिंकले. रजिस्टरात नाव मारबते.
"मंग?"
"मंग काय. तेवढीच एक खेळला तो. परत कोणी नेलं नाई त्याले."
राजन्नाचं नाव मी ऐकलं होतं. ही गोष्ट नव्हती ऐकली.

२० जा.
शाळेत मन लागलं नाही. एका मुलीला विनाकारण रागावले.
माझे बाबा मूल गावी शाळामास्तर होते. पेपरातलं एक कात्रण त्यांनी मला दाखवलं होतं. 'मारबते भिंतीसारखा उभा राहिला, एक चेंडू मागे जाऊ दिला नाही.' आपल्या समाजातलं पोरगं, अनवाणी खेळतं आणि परदेशी पेपरवाले त्याचं नाव लिहितात, म्हणाले. त्या कात्रणावर माझं लग्न ठरलं. नवरा पाहिला नव्हता, कात्रण मात्र पाठ होतं.
रंगूनची मॅच. कात्रण कोणत्या मॅचचं ते आज विचारलं. तीच.
म्हणजे भिंतीसारखा उभा राहिला तो राजन्ना.
"इतकी वर्षं काऊन नाही सांगितलं?"
"तुह्या बाबांनं कात्रण दाखवलं तवाच सांगाले पायजे होतं. तोंड उघडलं नाई. मंग रोज आणखी उशीर होत गेला."
भाकरी करपल्या दोन.

२२ जा.
हे म्हणतात नागपूरला लिहून कळव. यादीत माझ्या एकोणीस करा, एक राजन्नाच्या नावावर घाला.
भांडले. हो, भांडलेच. म्हटलं, एकोणीस काय आणि वीस काय, एका मॅचनं काय होतं? पाय गेला तो देशासाठी खेळूनच गेला ना? वीस म्हणून त्यांनीच लिहिलंय, आपण मागायला गेलो नव्हतो. हायस्कूलची नोकरी हातची जाईल.
ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "माह्यापाशी एकोणीस हायेत. त्याच्यापाशी एकच. तीही मीच दाबून बसलो."
हे दुसरीपर्यंतच शिकलेले, सहीपुरतंच लिहिता येतं. पत्र मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, नेहमीसारखं. खाली सही ह्यांनी केली, जीभ बाहेर काढून, हळूहळू.

२३ जा.
पोस्ट शाळेच्या वाटेवरच आहे. पेटीपाशी थांबले. मागून दोन मुली आल्या, "नमस्ते बाई" म्हणाल्या, त्यांच्यासोबत पुढं निघून गेले.
पत्र दप्तरात आहे.

२६ जा.
झेंडावंदन. ह्यांना पुढं खुर्चीवर बसवलं. हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं, आपल्या ब्रह्मपुरीचा माणूस देशाकडून वीस वेळा खेळला. टाळ्या. हे मान खाली घालून बसले होते, मग वर पाहून मला शोधलं.
घरी येताना विचारलं, "पत्र गेलं ना?"
"हो."
किती सोपं होतं.

२ फेब्रुवारी
पत्र घरच्या पेटीत साडीखाली ठेवलं आहे. उद्या टाकीन असं रोज वाटतं. मग संध्याकाळी हे तलावावरून येतात, दाराचा खांब धरून आधी एक पाय आत घेतात, मग दुसरा ओढतात. ते पाहिलं की उद्यावर जातं.
थकले आहे. कशानं, ते लिहिता येत नाही.

३ फेब्रु.
हे सिरोंच्याला निघाले. राजन्नाला स्वतः सांगायचं म्हणे. एवढ्या लांब, ह्या पायानं. चांद्यापर्यंत गाडी, पुढं मोटार, जंगलाचा रस्ता. म्हटलं पत्र पाठवू. म्हणाले, "त्याले कोण वाचून दाखवीन?"

१० फेब्रु.
आले. तोंड उतरलेलं, पाय सुजलेला, पण हसत होते. किती दिवसांनी.
राजन्ना तिथं प्राणहितेवर नाव चालवतो, लोकांना पलीकडे नेऊन सोडतो. ह्यांना घाटावर ओळखलं नाही आधी. मग नाव तशीच सोडून पाण्यातून आला.
ह्यांनी विचारलं, गावात कोणाला माहीत आहे का? तर म्हणाला, "आल्या आल्या सगळ्याले सांगितला अन्ना. पेपर पण दाखवला. एकानं वाचला. बोलला, यात तर मारबते आहे, तू कुठी? सगळे हासले. मग मी पण हासला. मग सांगणं सोडून दिला."
त्याच्या बायकोलाही त्यानं परत कधी सांगितलं नाही.
मी पाय शेकायला पाणी ठेवलं. चुलीकडे तोंड करून बसायला बरं पडलं.

१५ फेब्रु.
नागपूरचं आमंत्रण आलं. छापील. सोबत दोन पास, एक खेळाडूचा, एक पाहुण्याचा.
पाहुण्याचा म्हणजे घरच्या माणसाचा. माझा. सगळ्यांनाच तसे पाठवले असणार.
ह्यांनी दोन्ही पास हातात घेऊन उलटेसुलटे केले. "पाहा! खरं सांगितलं तरी बोलावलं. अन् दोन पाठवले. राजन्नाचा पण हाये!"
तेव्हा सांगायला हवं होतं.
सासूबाईंना हाक मारली, "माय, सायबांनं ऐकलं!" म्हातारीनं देवापुढं साखर ठेवली. मलाही दिली. खाल्ली.
राजन्नाला निरोप गेला, आलापल्लीच्या मोटारवाल्याबरोबर.

१८ फेब्रु.
आता टाकलं तरी पोचेल. बारा दिवस आहेत. पण मग ते लिहितील की येऊ नका. मग ह्यांना कळेल की आधी पोचलंच नव्हतं.
बाबा असते तर कोणाच्या बाजूनं बोलले असते? बहुतेक माझ्या नाही.

२० फेब्रु.
माझ्याकडूनही आता रोज उशीर होत चालला आहे, त्यांच्यासारखाच. ते नऊ वर्षं गप्प राहिले. माझा अजून महिना झाला नाही आणि मला झोप नाही, जेवण नाही. कसे राहिले असतील?
रागावले होते त्यांच्यावर. तो राग आता कुठं ठेवू.

२५ फेब्रु.
राजन्ना आला. मला वाटलं होतं उंच, धिप्पाड असेल. भिंतीसारखा. बारका माणूस आहे, माझ्याच उंचीचा, डोक्यावर टक्कल. पाय मात्र पाहत राहावे असे. दारात पाय धुवून आत आला, सुपारीची पुरचुंडी सासूबाईंपुढं ठेवली.
जेवताना मान वर केली नाही. हात धुतल्यावर मला म्हणाला, "बाई, तुम्ही लिहिला म्हणून झाला. अन्ना बोलला, पत्र बाईनं लिहिला. माझा बायको बोलला, त्या बाईचे पाय पडून ये."
आणि खरंच वाकला. मी मागे सरले, पाटाला पाय लागून पडणार होते.
"पडू नको बाई," सासूबाई ओरडल्या, "काऊन अशी घाबरून राह्यली?"

२७ फेब्रु.
दोघं अंगणात बसतात. कोण कुठं उभा होता, चेंडू कुठून आला, खडे मांडून दाखवतात. आज राजन्नानं रंगूनची सगळी मॅच मांडली. हे पहिल्यांदाच ऐकत होते; त्या दिवशी तापात पडलेले. "मंग?" "मंग?" असं विचारत होते, लहान पोरासारखं.
मी सांगितलं की मीही नागपूरला येते. पास नसला तरी. हे म्हणाले, चल. एवढंच.

१ मार्च. नागपूर, धर्मशाळा
सांगितलं.
नागभीडला गाडी बदलायची होती. नागपूरची छोटी गाडी यायला वेळ होता. राजन्ना नळावर पाणी प्यायला गेला. फलाटावर आम्ही दोघंच.
म्हटलं, "पत्र टाकलं नाही मी."
"कोणतं?"
"तेच. ते पोचलंच नाही. त्यांना काहीच माहीत नाही. दुसरा पास माझा होता."
पेटीतून काढून सोबत आणलं होतं. दिलं. त्यांनी आपली सही पाहिली. घडी घातली. परत उघडून पाहिली.
मी म्हणाले, तुमच्या पायासाठी केलं. मग मीच म्हणाले, नाही, माझ्यासाठीही केलं. थकले म्हणून केलं. काय काय बोलले आठवत नाही.
हे म्हणाले, "तू लिहिलं तवा मले वाटलं, चला, हे ओझं दोघांत आलं."
एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.
राजन्ना तिकडून हातानं तोंड पुसत येत होता. हे उठले, लंगडत त्याच्याकडे गेले. दूर उभे राहून सांगितलं. मला ऐकू आलं नाही. राजन्ना मान हलवत होता, नेहमीसारखी. एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तो उलट्या गाडीनं परत जाईल.
गाडी आली तेव्हा त्यानं येऊन माझी वळकटी उचलली. "चला बाई, जागा नाई मिळणार."
नागपूरपर्यंत तिघंही खिडकीबाहेर पाहत होतो.

२ मार्च, रविवार. दुपार
सकाळी आठला दोघं निघून गेले. पत्र घेऊन. आधी संघटनेच्या कोणा साहेबाला भेटणार, मग काय ते बघू, म्हणाले. मी येऊ का विचारलं. "तू राहा. थकली हायेस." रागानं नव्हतं म्हटलं. तेच जास्त लागलं.
दोन्ही पास इथंच खाटेवर ठेवून गेले.
कार्यक्रम चारला. आत्ता तीन वाजून गेले. कोणी आलं नाही. भेटले असतील का साहेब? आज एवढ्या गडबडीत कोण ऐकून घेणार? हाकलून दिलं असेल. किंवा ऐकलं असेल आणि यादीवरून नाव खोडलं असेल, आणि दोघं कुठं झाडाखाली बसले असतील. किंवा साहेब म्हणाले असतील, गप्प राहा आणि पदक घ्या. मग हे काय करतील? लग्नाला आठ वर्षं झाली, तरी मला सांगता येत नाही.
वकीलसाहेबही आले असतील गावच्या लोकांना घेऊन. त्यांना तोंड दाखवायचं आहे. सोमवारी शाळाही आहे.
तोंड धुतलं, साडी बदलली.
शेजारच्या खोलीत भंडाऱ्याच्या एक बाई उतरल्या आहेत, नातवाच्या औषधपाण्याला आल्या. दारात डोकावल्या. "बाई, तुमचे मालक फुटबॉल खेळणारे म्हणे? इथला मॅनेजर सांगत होता. देशाकडून खेळले?"
"हो."
"कितीदा?"
"एकोणीस वेळा," मी म्हटलं.
"अगबाई! खूपच झालं की," त्या म्हणाल्या.
कुलूप लावते आता. मैदान कोणत्या बाजूला आहे तेही मला माहीत नाही. विचारत जाईन.