भाऊबिजेचा पाट

२० ऑक्टो. ७४, रवि. माधवनगर
सांगलीच्या महिलाश्रमातल्या ताराबाईंच्या साडीचा खरा हिशोब. सूत, रंग किरकोळ. पण त्या एका काठापायी पाच नंबरचा माग अडकून पडला, माग दुरुस्त करणारा जॉबर बापू रुसून गावाला जाऊन बसला, आणि इचलकरंजीचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं वळलं. एकूण साडी पैठणीच्या भावात पडली. पडू दे. भाऊबीज वर्षातनं एकदाच. सुमती असती तर म्हणाली असती, बहिणीला एवढी, मग बायकोला कधी?
ती गेल्यापासनं ही तिसरी दिवाळी. पोरगा विजय पलटणीबरोबर तेजपूरला. रजा नाही.

२७ ऑक्टो., रवि.
दिवाळी मेळाव्याची कमिटी शाळेत बसली. फराळाचे स्टॉल, किल्ल्यांची स्पर्धा, शेवटी ऑर्केस्ट्रा. उरेल ते दरसाल सांगलीच्या महिलाश्रमाला. भाऊबिजेला आम्ही नेऊन देतो, तिथल्या बायका आम्हाला ओवाळतात. यंदा नवे सेक्रेटरी म्हणाले, निम्मं मुलांच्या बोर्डिंगला द्यावं. रास्त. मी हात वर केला. मग म्हणाले, ओवाळण्याच्याही चिठ्ठ्या टाकू, दरसाल तीच माणसं पुढं बसतात. रोख माझ्यावर.
मी म्हटलं, "टाका की चिठ्ठ्या. पण सहा वर्षं झाली, ताराबाई माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ओवाळत न्हाईत. आश्रमात जाऊन विचारा."
हसले सगळे. मागनं कुणीतरी हळू आवाजात, "आप्पाला घरात कोन न्हाई रं, बसू दे पाटावर."
सगळे माग चालू असताना कुठला धोटा घासतोय ते मला कळतं. हे कसं ऐकू येणार नाही? न ऐकल्यासारखं केलं. चहा सांगितला.

३० ऑक्टो., कोजागिरी
कमिटीचे आकाशकंदील द्यायला आश्रमात. ताराबाई सैपाकघरात दूध आटवत होत्या. एका मुलीला सांगत होत्या, "आमच्या आळीत कृष्णाबाई बसायची तेव्हा..." मला बघितलं आणि थांबल्या. सहा वर्षांत गाव कुठलं ते कधी सांगितलं नाही. पण आळी म्हणायचं, आणि नदीला पाहुणीसारखी घाटावर बसवून उत्सव करायचा, हे वाईचं. सांगलीत गल्ली.
वाईला माल पोचवायचाच आहे.

३ नोव्हें., रवि.
वाई. माल उतरवला. कापडवाल्याला सहज विचारलं. तारा? भाऊ आहे की तिचा, सदाशिवराव, घाटाकडच्या रस्त्याला तांब्यापितळेचं दुकान. गेलो. उगाच एक तांब्या घेतला. मग म्हटलं, आमच्याकडं एक ताराबाई आहेत.
तागडी खाली ठेवली त्यांनी. गावाला सांगितलंय पुण्यात चुलतबहिणीकडं असते म्हणून. नवरा गेल्यावर माहेरी आली, सैपाकघरावरून वहिनीशी बिनसलं, सदाशिवराव एकदा बोलून गेले, तुझं तू बघ. तिनं बघितलं.
"जेवते का नीट?"
म्हटलं, शंभर जणींना जेवू घालतात.
बराच वेळ तांब्या पुसत बसले. मग, "भाऊबिजेला कोण असतं तिच्याकडे?"
"मी."
तांब्या कागदात बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. पत्ता त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. साताऱ्यापर्यंत एस्टीत तांब्या मांडीवर. जड लागत होता.

७ नोव्हें., गुरु.
ताराबाईंना सांगितलं. करंज्यांना मुरड घालत होत्या. हात थांबला नाही.
"तुम्हाला कोणी सांगितलं होतं जायला?"
कोणी नाही म्हटलं.
दोनचार करंज्या झाल्यावर, "दादाचे केस पिकले का?"
"पिकलेत."
"पत्ता दिलात?"
"त्यांनी विचारला नाही."
"तो नाही विचारायचा. भिडस्त आहे. पण तुम्ही तर न विचारता सगळं सांगता, आप्पा."
निघालो. घरी आलो तर बापू परत आलेला, पाच नंबर सुरू. आवाज अगदी साफ. तरी उगाच उभा राहिलो त्याच्यापाशी.

१० नोव्हें., रवि.
पत्ता दिला की पाट गेला. न दिला तर... तीन दिवस हेच.
शेवटी कार्ड टाकलं. आश्रमाचा पत्ता, भाऊबीज शुक्रवारी, सकाळी या. टाकल्यावर पेटीच्या फटीत बोटं घालून बघितली, निघतंय का. नाही निघालं. पोस्टाची पेटी बनवणारा हुशार माणूस.

१३ नोव्हें., लक्ष्मीपूजन
मागांना हळदकुंकू. बापूला नवा सदरा. शेजारनं फराळाचं ताट आलं, चकली सुमतीच्या हातची नाही हे आवाजावरनंच कळलं. पणत्या बाहेर लावायच्या विसरलो, शेजारच्या वहिनींनी लावल्या. विजयचं पत्र नाही.

१५ नोव्हें., शुक्र. भाऊबीज
चिठ्ठ्या टाकल्या. ताराबाई मलाच आल्या. सेक्रेटरींचं तोंड बघण्यासारखं. पाटावर बसलो, टोपी सारखी केली. निरांजन पेटलं. तेवढ्यात फाटकाशी वहाणा वाजल्या आणि थांबल्या. आत येईनात. मला कळलं कोण ते. मान न वळवता बसून राहता आलं असतं. क्षणभर बसलोही.
मग उठलो.
ताराबाई ताट धरून तशाच. सदाशिवराव दारात, धोतराला एस्टीची धूळ.
"बस दादा," त्या म्हणाल्या. "तूप जळतंय."
बसले ते. ओवाळून झालं, आणि खिसे चाचपायला लागले. गडबडीत हात हलवत आलेला माणूस. साडीचं पुडकं मी मागनं त्यांच्या हातात सरकवलं. त्यांनी ताटात ठेवलं. ताराबाईंनी कागद जरा बाजूला केला, काठ बघितला, मग माझ्याकडं बघितलं.
दुपारच्या गाडीनं दोघं वाईला गेले. कापडी पिशवी नेली. ट्रंक आश्रमातच आहे.
घरी येऊन त्या तांब्यानं पाणी प्यालो.

१७ नोव्हें., रवि.
मेळाव्याची राहिलेली रक्कम द्यायला आश्रमात. खरं तर ट्रंक बघायला. आहे, खाटेखाली. आश्रम चालवणाऱ्या बाईंना विचारलं, ताराबाई परत येणार? म्हणाल्या, नक्की काही सांगितलं नाही, चार दिवसांनी कळवते म्हणाल्या. खाट मोकळी ठेवलीय.
मग बाई सहज म्हणाल्या, परवा संध्याकाळी अंगण सुनं वाटलं. दरसाल तुम्ही मंडळी गेलात की ताराबाई दुसरं निरांजन लावून अंगणात यायच्या. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळतात, तसं ओवाळायच्या.
दरसाल? मी विचारलं.
दरसाल. एका वर्षी आभाळ आलं होतं, तर कोर दिसेपर्यंत उभ्या होत्या.