सगळे सिग्नल माझ्या नावावर

सोमवार, ३ जून

नवी नोकरी, खिडकीजवळची खुर्ची, आणि साहेब चक्क माणसासारखे! बायकोची दवाखान्यात दिवसभर ड्यूटी, म्हणून दुपारनंतर घरून काम करायला त्यांनी आनंदाने हो म्हटलं. सकाळी आमच्या दहा महिन्यांच्या ठमीला शेजारच्या काकू बघणार, दुपारी मी.

काम प्रोफायलरचं, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या टूलचं. चालू प्रोग्रॅममधल्या प्रत्येक थ्रेडला, म्हणजे आपापलं काम करत राहणाऱ्या धाग्याला, सेकंदाला शंभरदा सिग्नल पाठवायचा. त्याने क्षणभर थबकायचं, आपण कुठे आहोत ते सांगायचं नि पुढे चालू लागायचं. इथली एक गंमत म्हणजे नवा माणूस पहिल्या दिवशी चाचणीचा थ्रेड बनवतो आणि त्याला स्वतःचं नाव देतो. मीही दिलं. टाळ्याबिळ्या झाल्या.

बुधवार, ५ जून

डोकं फिरलंय नुसतं. आमचं टूल आणि गिऱ्हाइकाचा प्रोग्रॅम एकाच सिग्नलवर हक्क सांगतात. जो शेवटी नोंद करेल त्याचं राज्य, दुसऱ्याला पत्ताच नाही. मग एकाचा सिग्नल भलत्याच थ्रेडला जातो आणि सगळंच ठप्प. माझ्या आधीच्या शहाण्याने कोडमध्ये लिहून ठेवलंय, इथे हात लावू नये. वा रे पठ्ठ्या! स्वतः निस्तरायचं नाही, वर दुसऱ्याला दम.

शेवटी संतापून मी बाकीच्या सगळ्या थ्रेडचे कान बंद केले आणि झाडून सगळे सिग्नल एकाच थ्रेडकडे वळवले. हाताशी माझ्या नावाचाच होता.

शुक्रवार, ७ जून

प्रोग्रॅम लोण्यासारखा चालतोय. साहेब खूश. पण माझ्या थ्रेडच्या नोंदीत कोडच्या ओळी हव्यात, तिथे लिहिलंय: जेवणाचं टेबल, दुसरा घास, हात हवेत. असली थट्टा करतं कोण? सगळ्यांवर खेकसलो. कुणी कबूल होईना.

घरी बायकोला सांगितलं तर तिच्या तोंडचं पाणीच पळालं. म्हणाली, काल जेवताना घास हातात धरून तू थिजला होतास, मी दोनदा हाक मारली.

सोमवार, १० जून

थ्रेड मारून टाकला. यादीत परत हजर. नाव बदलायला गेलो तर साहेबांनी कोडला हात लावायची माझी परवानगीच काढून घेतली. म्हणाले, गिऱ्हाईक उद्यापासून वापरणार, चांगलं चाललेलं कशाला मोडतोस. अहो, माझं नाव आहे ते! माझं! कुणाच्या बापाचं नाही!

बायकोने तिच्या दवाखान्यात दाखवायला नेलं. डॉक्टर म्हणाले, वही हाताशी ठेवा, थांबलात की वेळ लिहा.

मंगळवार, ११ जून

२.१०. थांबलो.

२.११. पुन्हा. बायकोला फोन केला. निघाली, अर्धा तास लागेल. ठमीला पाळण्यात ठेवतो, म्हणजे घोर नाही —

२.१४. अजून खुर्चीतच. ठमी रांगत दाराकडे. दार उघडं. पुढे जिना.

साहेबांना फोन. बंद करा म्हणालो. म्हणाले, गिऱ्हाइकाने सिग्नलचा वेग दहापट —

२.१९. हरामखोर

दारात बसलीय. हसतेय माझ्याकडे बघून. ठमे, थांब — तोंडातून आवाजच —

२.२३. ऊठ गाढवा ऊठ

२.२७. दारात नाही. कसला तरी आवाज झाला, पण मी तेव्हा