सासरे आणि सहसंबंध

९ फेब्रुवारी, सोमवार
नागावात सगळे होमस्टे अंदाजपंचे चालवतात. मी आजपासून डेटावर चालवणार. प्राप्तीने (कन्या, एस.वाय., स्टॅटिस्टिक्स) सहसंबंध समजावला. दोन गोष्टी बरोबरीने वाढतात, बरोबरीने कमी होतात. पुढे ती आणखी काही सांगत होती, पण मला मुद्दा कळला होता.

१० फेब्रुवारी
शोध लागला. सासरे (काळूराम, उरणकडचे) आले की खोल्या फुल, गेले की रिकाम्या. आणि मी त्यांच्या खोकल्यावर वैतागायचो. प्राप्ती म्हणाली, आजोबा शनिवारीच येतात, प्रज्योतमामाला तेव्हाच सोडायला वेळ असतो. तिला म्हटलं, तू परीक्षेपुरतं बघ.

१२ फेब्रुवारी
उरणला जाऊन, भावकीसमोर टोपी-टॉवेल देऊन सासऱ्यांना कायमचं राहायला बोलावलं. म्हणाले, लेकीकरं ऱ्हावाचा रिवाज न्हाय, पन जावय एवऱ्या मानान बोलवतंय, तं न्हाय कसा बोलू? विनिताचे डोळे भरून आले. असा नवरा मिळत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सासरे आले. आमची खोली त्यांना दिली. विनिता प्राप्तीकडे, मी ओटीवर. तात्पुरतं. गिऱ्हाईक शून्य. सोमवार कोण धरतो?

१८ फेब्रुवारी
शून्य. सासऱ्यांची खुर्ची फाटकाशी हलवली, परिणाम रस्त्यापर्यंत पोचावा म्हणून. रिमोट त्यांच्याकडे. जेवण आता संध्याकाळी सातला.

२१ फेब्रुवारी, शनिवार
सगळ्या खोल्या फुल. सिद्धान्त सिद्ध. प्राप्तीने नुसतं कॅलेंडर दाखवलं.

२६ फेब्रुवारी
पुन्हा शुकशुकाट. शेवटी प्राप्तीचं राहिलेलं ऐकून घेतलं. दोन गोष्टी बरोबर येतात म्हणजे एक दुसरीला आणते असं नाही; दोघींना तिसरीच आणत असेल. इथे शनिवार. हे आधी सांगायला काय झालं होतं?

सासऱ्यांना हळूच म्हटलं, प्रज्योतला करमत नसेल. म्हणाले, त्यानं माझे खोलीची भिंत पारून हॉल मोठा केलाय, आता मना हितंच ऱ्हावाचा हाय. विनिता म्हणाली, चारचौघांत मानाने आणलेल्या माणसाला घालवायचं असेल तर आधी मला घालवा. स्वतःच्या घरात जीव गुदमरतोय.

तरी ओटीवर वारा चांगला येतो.

१ मार्च, रविवार
पाहुण्यांचा रिव्ह्यू आला. पाच स्टार. मालक काळूरामकाका फार प्रेमळ. फक्त ओटीवर झोपणारा वॉचमन घोरतो.

सासऱ्यांनी प्राप्तीकडून लगेच उत्तर टाकून घेतलं. वॉचमनला समज दिली आहे.