चौदा तपासण्या, एक उडी

६ ऑक्टोबर, सकाळी ८.४०
चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून आज बरोबर एक महिना. निर्णय योग्य होता. सीएनसी मशीनवर रोज तोच पार्ट काढण्यापेक्षा हे काम बरं. आता मी दिग्दर्शक इंद्रजीतच्या पिक्चरची रिगिंग इंजिनिअर: दोर, कप्प्या, हुक सगळं माझ्याकडे. श्रेयनामावलीत नाव येणार. (तो म्हणाला, "बघू.")
पिक्चर: दोन बायका सोलापुरात खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सी काढतात आणि टॉवेलच्या गठ्ठ्यांतून सोनं पळवणाऱ्या टोळीला नऊवारीत बडवतात. ॲक्शन कॉमेडी. मला विनोद फारसा कळत नाही. विंच कळतो.
संकल्प: तपासणीपत्रक रोज भरायचं. चौदा मुद्दे. एकही गाळायचा नाही.
पिक्चरनंतर पुणे. स्वतःची कंपनी, फक्त बायकांची. लोगोचे दोन नमुने काढले.

७ ऑक्टोबर
उडी हिरॉइनच्या जागी पायल मारणार. मीच तिचं नाव सुचवलं. माळशिरसकडची, कबड्डी खेळलेली, चार वर्षं माझी रूम पार्टनर. पोलीस भरतीची मैदानी चाचणी १२ डिसेंबरला. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी. रोज पहाटे धावते आणि येऊन मला उठवते, हा तिचा एकमेव दोष.
शॉट: बंद पडलेल्या कारखान्यात अठरा फुटांवरच्या गर्डरवरून ती उडी मारते. विंचच्या ड्रमवर गुंडाळलेला दोर सुटतो. मी ब्रेकचा दांडा ओढते. ती रंगाच्या हौदावर एक वीत अंतरावर लटकते आणि खालच्या गुंडाला सांगते, "अंघोळ झालीय माझी." हे वाचून दाखवताना इंद्रजीत स्वतःच दोनदा हसला.
पायलचं वजन ५४.२. तीन वेळा विचारून खात्री केली. ती म्हणाली, "किती येळा इचारतीस गं दिपे? सोयरीक जुळवायलीस का काय?"

१० ऑक्टोबर
वाळूची पोती बांधून चाचणी. ११० किलो, म्हणजे पायलच्या दुपटीहून जास्त, चार वेळा. चारही वेळा पोती हौदाच्या वर २३ सेंटिमीटरला थांबली. फरक एक सेंटिमीटरच्या आत. इंद्रजीतला आकडे दाखवले. तो मोबाइल बघत होता. कलावंत आहे.

११ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज यंत्र चालवत नाहीत. धुऊन, पुसून पूजा करतात. मी श्रद्धाळू नाही, पण वाद घालण्यात वेळ घालवत नाही.
ईरम्मा सकाळपासून कामाला लागली होती. ती या कारखान्याची राखणदार, गेटजवळच्या खोलीत तीस वर्षं राहते. माग चालू होते तेव्हा दर नवमीला प्रत्येक मागाला तेलाचं बोट आणि कुंकू लावायची. आता माग भंगारात गेले, म्हणून तिने जनरेटर, क्रेन, लाइटचे स्टँड असं जे सापडेल त्याची पूजा केली. मधे तिने मला काहीतरी विचारलं. मी "हो" म्हटलं. तेव्हा मी पत्रक भरत होते.
पोती टाकता आली नाहीत. त्या रकान्यात कालचे आकडे लिहिले. यंत्र चाललंच नाही तर आकडे बदलण्याचं कारण नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
सुट्टी. पत्रक खोलीवर भरलं. तेच आकडे. पायलने आपट्याचं पान दिलं, पुरणपोळीही वाढली. दुपारी झोपले.

१३ ऑक्टोबर
सकाळी तेरा तपासण्या पूर्ण. चौदावी, पोत्यांची, बाकी ठेवली. इंद्रजीतला उजेड हवा होता, आणि सलग तीन दिवसांचे आकडे उत्तम होते.
११.५२ ला उडी. दांडा वेळेवर ओढला. ब्रेक धरला नाही.
हौदात वीतभर रंगीत पाणी. खाली सिमेंट.

१४ ऑक्टोबर
उजव्या टाचेचं हाड. ऑपरेशन झालं. नेटवर पाहिलं: सहा ते आठ आठवडे. आजपासून चाचणीला ८ आठवडे ३ दिवस आहेत. म्हणजे तीन दिवस हातात राहतात. पायलला हे सांगितलं. ती छताकडे बघत होती. भुलीचा परिणाम.

१५ ऑक्टोबर
तपास सुरू केला. पिक्चरमधल्या बायका संशयिताला आधी मारतात, मग विचारतात. मी पुरावा पाहते. दोर ठीक. कप्पी ठीक. पायलच्या अंगावरच्या हार्नेसचा हुक ठीक. व्होल्टेज ठीक. मग ब्रेकच्या ड्रमवर बोट फिरवलं. गोडेतेल. कडेला कुंकू.
कारण सापडायला २२ मिनिटं लागली. समाधान वाटलं. वाटायला नको होतं, हेही नोंदवते.

१६ ऑक्टोबर
अहवाल दिला. दोन पानं. "राखणदार महिलेने परवानगी न घेता ब्रेकला तेल लावले." वाक्य स्पष्ट आहे. पत्रकं जोडली.

१९ ऑक्टोबर
कारखान्याच्या मालकाने ईरम्माला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं. ती मला शोधत आली. म्हणाली, "मॅडमबाई, मी इचारलं की तुमाला. ह्यालाबी लावू काय म्हनलं. तुमी हो म्हनलाव की."
मी सांगितलं, आठवत नाही. तिने कन्नडमध्ये विचारलं असण्याची शक्यता आहे.
(तिचं मराठी माझ्या आईइतकं चांगलं आहे. तरीही शक्यता उरते.)

२४ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणाले, वर्षभर धावायचं नाही. नेटवरचा आकडा वेगळ्या प्रकारच्या फ्रॅक्चरचा असावा.
पायलने पत्रकं वाचायला मागितली. तिचा विरंगुळा होईल म्हणून दिली. तिने बोटाने एकेक ओळ वाचली. मग विचारलं, "दसऱ्याला पोती कुणी टाकली गं?"
मी म्हटलं, मी.
"तू तर पोळी खाऊन घोरत हुतीस की. मीच चादर घातली तुझ्या अंगावर. आन् नवमीला तर यंत्रंच बंद हुती."
मी समजावलं की पत्रक वाचायची एक पद्धत असते. ती म्हणाली, "व्हय. मला ती भरतीत शिकवली असती."
पोलिसांनी एक चांगलं माणूस गमावलं. हे तिला बोलले नाही.
मी निघताना ती म्हणाली, "ईरम्मा येऊन गेली माझ्याकडं. मालकाला तू सांग. माझ्या बोलण्यावर कोण इश्वास ठेवंल? तुझ्याकडं कागद हाय."

२५ ऑक्टोबर
संकल्प: दुरुस्ती-अहवाल देणे. मसुदा १ तयार. "प्रक्रियेत किंचित त्रुटी ठेवली गेली." कोणाकडून ते अजून लिहिलं नाही. वाक्यरचना कर्मणी ठेवली.

२६ ऑक्टोबर
मसुदा ४. "किंचित" काढलं. मग परत घातलं. इंद्रजीतचा फोन आला: पुण्यातले कोणी माझा पहिला अहवाल वाचून खूश आहेत, पुढच्या पिक्चरसाठी बोलावतील. हे आणि दुरुस्ती, दोन स्वतंत्र विषय आहेत. दुरुस्ती उद्या नक्की देणार.

२७ ऑक्टोबर
कारखान्याच्या ऑफिसात मालक, इंद्रजीत, मी. दुरुस्तीची प्रिंट पिशवीत. दुपारी बारा वाजता पायल रिक्षातून आली, कुबड्या घेऊन. ईरम्माने तिला दंडाला धरून आत आणलं.
पायलने घडी केलेला कागद टेबलावर ठेवला. तिच्या अक्षरात तीन ओळी: हुक मी नीट लावला नव्हता. चूक माझी आहे. राखणदार बाईंचा दोष नाही.
मालकाने विचारलं, तेलाचं काय? पायल म्हणाली, "तेल नवमीला सगळ्यास्नी लावत्यात. तुमच्या गाडीलाबी लावलं असंल." मालक हसला. म्हणाला, बरं, म्हातारी राहू दे.
इंद्रजीतने सावकाश सांगितलं की चूक तिची असेल तर पुढचा उपचार कंपनी बघणार नाही. पायलने मान हलवली. म्हणाली, "माझं तर गेलंच की. हिचं घर तरी ऱ्हाऊ दे."
हुक ठीक होता. १५ तारखेला मीच लिहिलं आहे. खोलीत हे ठाऊक असलेली मी एकटी नव्हते. दोघी होतो.
ईरम्मा दाराशी रडत होती. तिला काय चाललंय ते पूर्ण कळलं नसावं. किंवा कळलं असावं.
पायलने सही केली, पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "दिपे, तुला काय बोलायचंय का?"
मी कागद पाहिला.
म्हटलं, सहीखाली तारीख राहिलीय.
तिने तारीख घातली.